दुरुस्तीचा अर्ज

सांगलीच्या पेठेत माझे आजोबा हळदीचा व्यापार करीत, तेव्हा सौद्याला कागद फारसा लागत नसे. हातरुमालाखाली बोटे दाबून भाव ठरे, माल हरिपूरच्या पेवांत राही आणि घेणारा स्वतः येऊन हळकुंड मोडून पाही. आज आमची हळद समुद्रापलीकडे जाते. घेणाऱ्याने ती पाहिलेली नसते. त्याच्या बँकेने तर ती कधीच पाहायची नसते, कारण एलसीच्या व्यवहारात बँक मालाशी नव्हे, केवळ कागदपत्रांशी व्यवहार करते, असा आंतरराष्ट्रीय नियमच आहे. जो माल कोणी पाहिलेला नाही, त्याच्या वतीने बोलणारा एकच साक्षीदार उरतो, तो म्हणजे कागद.

या कागदांतला सर्वांत नाजूक कागद म्हणजे वनस्पती-आरोग्याचे प्रमाणपत्र. पेढीवर आम्ही त्याला नुसते ‘फायटो’ म्हणतो. १९५१ साली झालेल्या आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण कराराने त्याचा नमुना ठरवून दिला असून तो सर्व सदस्य देशांत सारखाच असतो. निर्यातदार, घेणारा, पोत्यांची संख्या व वर्णन, त्यांवरील ओळखचिन्हे, मालाचे मूळ ठिकाण, वाहतुकीचे साधन, मालाचे नाव व वजन, वनस्पतीचे शास्त्रीय नाव आणि धुरीकरण केले असल्यास त्याची तारीख, औषध, प्रमाण व कालावधी, एवढे सारे त्यात येते. शेवटी सरकारी अधिकारी सही करून सांगतो, की या मालाची तपासणी झाली असून तो घेणाऱ्या देशाला नको असलेल्या किडींपासून मुक्त मानला आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. भाद्रपद महिना होता, दशलक्षण पर्व नुकतेच सुरू झाले होते. चितगावला जाणारी ३०० पोती, म्हणजे १५ टन हळद, आमच्या गोदामातून कंटेनरमध्ये भरून न्हावा शेवा बंदराकडे रवाना झाली होती. धुरीकरण झाले, फायटो हातात आले, आणि संध्याकाळी कागद जुळवताना दिवाणजींच्या लक्षात आले, की पोत्यांवरील लॉट क्रमांक ४६ असताना प्रमाणपत्रावर ६४ छापला गेला आहे. चूक कार्यालयाची नव्हती. आमच्याच अर्जात अंक उलटे पडले होते.

असा एक उलटा अंक परदेशी बंदरात माल अडवायला पुरेसा असतो. शिवाय तो पेनाने खोडून नीट करता येत नाही. खाडाखोड किंवा अधिकाऱ्याने साक्षांकित न केलेला बदल दिसला, की प्रमाणपत्रच अवैध ठरते. त्याच्या जागी नवे घ्यायचे, तर मूळ प्रत परत करावी लागते. ती रद्द होते, नव्या प्रमाणपत्राला नवा क्रमांक मिळतो आणि हे पत्र अमुक क्रमांकाच्या व अमुक तारखेच्या पत्राऐवजी दिले आहे, अशी नोंद त्यावर येते. जुना क्रमांक पुन्हा वापरायचा नसतो. ही व्यवस्था मला नेहमीच आवडत आली आहे. चूक झाली ही गोष्ट तीत लपवली जात नाही, तिची नोंद ठेवूनच पुढे जायचे असते.

अर्जाला पुरावा जोडायचा म्हणून चिरंजीवाने तोलाईची वही आणि भरणीचा तक्ता काढला. रात्री तो माझ्या खोलीत आला, तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता.

“अण्णा, अंकाचे सोडा. बारा पोती बदलली गेली आहेत.”

तपासणीनंतर दोन दिवसांनी भरणी झाली होती. त्या रात्री पाऊस पडला, पत्र्यातून पाणी गळले आणि बारा पोती भिजली. मुकादमाने ती बाजूला काढून शेजारच्या थप्पीतली बारा पोती चढवली. माल आमचाच होता, त्याच प्रतीचा, त्याच शिवारातला. संख्या ३००च होती, वजनही जुळत होते. चिन्हेही त्याच साच्याने मारली होती. मुकादमाने वाईट हेतूने काहीच केले नव्हते. त्याने तक्त्यावर प्रामाणिकपणे ‘१२ बदली’ असे लिहूनही ठेवले होते. ते वाचले मात्र कोणी नव्हते.

आमच्या क्लिअरिंग एजंटने दूरध्वनीवर सल्ला दिला, “शेठ, अंक तेवढा दुरुस्त करून घ्या. बाकीचे कशाला उकरता?” चिरंजीव काही बोलला नाही, पण त्याच्याही मनात तेच होते. खरे सांगायचे, तर माझ्याही मनात काही वेळ तेच होते. जहाज तीन दिवसांनी सुटणार होते.

सकाळी मंदिरात तत्त्वार्थसूत्राचे वाचन होते. आचार्य उमास्वामींनी सातव्या अध्यायात श्रावकाच्या व्रतांचे अतिचार सांगितले आहेत. सत्याणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘कूटलेखक्रिया’ आहे, म्हणजे खोटा लेख तयार करणे. अचौर्याच्या अतिचारांत कमीजास्त मापे आहेत आणि ‘प्रतिरूपक व्यवहार’ही आहे, एका मालाच्या जागी त्याच्यासारखा दिसणारा दुसरा खपवणे. ही नावे मी लहानपणापासून ऐकत आलो. खोटा लेख म्हणजे बनावट सही, बनावट शिक्का, एवढेच मी धरून चाललो होतो. त्या दिवशी प्रथमच जाणवले, की सही खरी, शिक्का खरा, प्रत्येक अंक बिनचूक, आणि तरीही लेख खोटा, असे होऊ शकते.

दुरुस्ती कशाची करायची, हा खरा प्रश्न होता. जे घडले ते लिहिताना चूक झाली असेल, तर लेख सुधारता येतो. जे घडलेच नाही ते लेख सुधारून घडत नाही. ४६ आणि ६४ हा पहिला प्रकार होता, बारा पोती हा दुसरा. सीमाशुल्क कायद्याचे १४९ वे कलमही हाच विवेक पाळते. माल निर्यात झाल्यावर शिपिंग बिलात बदल हवा असेल, तर निर्यातीच्या वेळी अस्तित्वात असलेल्या कागदाचाच पुरावा चालतो. मागाहून तयार केलेला कागद चालत नाही.

आम्ही दोघे वनस्पती संगरोध कार्यालयात गेलो आणि मूळ प्रमाणपत्रासह भरणीचा तक्ता अधिकाऱ्यांपुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला. “अंक मी बदलून देईन,” ते म्हणाले, “पण जी पोती मी पाहिली नाहीत, त्यांवर सही कशी करू?” त्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते.

कस्टम्सच्या परवानगीने सील तोडले, ती पोती उतरवून नमुने काढले. कंटेनर उघडला गेल्याने धुरीकरण नव्याने करावे लागले. जहाज निघून गेले. यार्डाचे भाडे चढले, एलसीची मुदत वाढवून घ्यावी लागली आणि त्या बदल्यात ग्राहकाने भावात कपात मागितली. सौद्यातला नफा जवळजवळ सगळा गेला.

त्या बारा पोत्यांत काय सापडले? काहीच नाही. एक कीड नाही, ओल नाही. परतीच्या वाटेवर चिरंजीवाने विचारले, “मग अण्णा, आपण मिळवले काय?”

मी म्हणालो, “निष्कर्ष तोच आला, पण काल तो आपला अंदाज होता. आज ती साक्ष आहे.”

त्याला ते कितपत पटले, मला ठाऊक नाही. मला स्वतःला मात्र दुसरीच गोष्ट बोचत राहिली. धुरीकरणाचा रकाना भरताना जैन व्यापाऱ्याचे मन एरवीही अडखळते. तो घेणाऱ्या देशाचा नियम आहे, असे म्हणून आपण पुढे जातो. यावेळी मात्र तोच विषारी वायू दुसऱ्यांदा सोडावा लागला, तो केवळ आमच्या दुर्लक्षामुळे. तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येतच प्रमाद येतो. तक्त्यावरचे दोन शब्द आम्ही वेळेवर वाचले असते, तर ते टळले असते. त्या वर्षी क्षमावाणीच्या दिवशी मी मुकादमाची क्षमा मागितली. त्याने त्याचे काम केले होते, वाचण्याचे काम आमचे होते.

तेव्हापासून पेढीवर एक नियम आहे. तपासणी झालेल्या थप्पीला दोरी बांधायची. तिच्यातले एक पोते हलले, तरी अर्ज पुढे जाण्याआधी ते कळवायचे, आणि भरणीचा तक्ता घरातल्या माणसाने स्वतः वाचल्याशिवाय कंटेनरला सील लावायचे नाही. रद्द झालेल्या त्या प्रमाणपत्राची छायाप्रत चिरंजीवाने आपल्या टेबलाच्या काचेखाली ठेवली आहे. तिच्याबद्दल तो कधी बोलत नाही, पण नवा मुलगा कामाला लागला, की पहिल्या दिवशी त्याला तीच वाचायला देतो.