उडणारा मुलगा

आमच्या सहा वर्षांच्या पुतण्यास आम्हीं एके रात्रीं पीटर पॅनची गोष्ट सांगितली. दुसरे दिवशीं सकाळींच तो पलंगावरून 'उडाला' व मनगट मोडून बसला! वहिनींनीं आम्हांस एक शब्दही लावला नाहीं. तीच शिक्षा अधिक झोंबली.

पुढें वाचनांत आलें, कीं या अपराधांत आम्ही एकटे नव्हतों. जेम्स बॅरी यांचें हें नाटक १९०४ सालीं लंडनमध्यें रंगभूमीवर आलें, तेव्हां कित्येक मुलांनीं घरीं जाऊन बिछान्यावरून उड्या घेतल्या व त्यांस शस्त्रवैद्याकडे न्यावें लागलें, असें बॅरींनींच १९२८ सालीं लिहून ठेविलें आहे. पालकांच्या विनंतीवरून त्यांनीं नाटकांत दुरुस्ती केली: परीची भुकटी अंगावर फुंकल्यावांचून कोणासही उडतां येत नाहीं!

ही दुरुस्ती आम्हीं पुतण्यास तत्परतेनें ऐकविली. हाताच्या पट्टीकडे पाहत तो म्हणाला, "काका, मग हें तुम्हीं आधीं कां नाहीं सांगितलें?"

गोष्टी आम्ही अजून सांगतों. मात्र हनुमंताचें उड्डाण आलें, कीं आमचा एक हात त्याच्या खांद्यावर असतो.