औंधच्या डोंगरावरची चित्रे

मैत्रिणींनो, यमाईच्या दर्शनाला औंधला गेलात, तर देवीची ओटी भरून लगेच एस्.टी. गाठायला धावू नका. डोंगराच्या वाटेवरच श्री भवानी संग्रहालय आहे. तिथे तास-दीड तास तरी काढाच.

औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी (हो, तेच सूर्यनमस्कारवाले!) स्वतः चित्रकार होते. हौसेने जमवलेली चित्रे राजवाड्यात न ठेवता १९३८ साली त्यांनी इथे मांडली. रविवर्मा, धुरंधर आहेतच. पण हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे दगडातले मायलेकरू एवढ्याशा गावात पाहून मी थबकलेच.

“काय किंमत येईल गं याची?” ह्यांनी हळूच विचारले. लिलावाच्या बातम्या वाचलेल्या ना! मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कला हुसेन यांचे ‘ग्रामयात्रा’ सुमारे ११८ कोटींना गेले. रविवर्म्यांची चित्रे लिलावात विकता येतात, पण १९७९ पासून ती राष्ट्रीय ठेवा असल्याने देशाबाहेर नेता येत नाहीत.

मला मात्र आमच्या माजघरातली लक्ष्मी आठवली. रविवर्म्यांनी १८९४ साली छापखाना काढला आणि असे देव घरोघरी आले. घराला रंग देताना मी ती फ्रेमसकट रद्दीवाल्याला देऊन टाकली. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्या खिळ्याला कॅलेंडर मात्र त्यांनी लावू दिले नाही.

तुमच्या माळ्यावर असे एखादे चित्र असेल, तर ओल्या फडक्याने पुसू नका. ओल येणाऱ्या भिंतीवर टांगूही नका.