बांध आणि पाणी

कागदावर पक्के झालेले मत पिशवीत घालून भातलावणीच्या दिवसांत कोणी टोकावड्यास जाऊ नये, एवढे आम्ही आता अनुभवाने सांगू शकतो. गेल्या आषाढात आम्ही कल्याणहून मुरबाडमार्गे एस.टी.ने तेथे गेलो, तेव्हा आमच्या पिशवीत दोन दिवसांचे कपडे, मावशीसाठी घेतलेला पेढ्यांचा पुडा आणि एक चार पानी मसुदा होता. पेढे पहिल्याच दिवशी संपले. मसुद्याची गोष्ट मात्र निराळी झाली, व तीच येथे सांगावयाची आहे.

मुंबईत आमचे एक लहानसे मित्रमंडळ आहे. महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी जमावे, जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकाव्यात आणि हल्ली चांगले काही कानी पडत नाही म्हणून हळहळावे, असा त्याचा क्रम. ह्या हळहळीतून एके दिवशी असा ठराव निघाला की, आकाशवाणीस एक विनंतिपत्र पाठवावे. मराठी लोकगीतांसाठी वर्षानुवर्षे जो एकच कप्पा चालत आला आहे, तो मोडून त्याच्या चार स्वतंत्र वाहिन्या कराव्यात: एक ओव्या व इतर स्त्रीगीतांची, दुसरी भजन-भारुडांची, तिसरी कोळीगीते, लावण्या व नव्या ठेक्याच्या गाण्यांची, आणि चौथी आदिवासी गीतांची. ज्यास जे रुचेल ते त्याने ऐकावे, दुसऱ्याच्या आवडीचा जाच कोणास नसावा. मसुदा लिहिण्याचे काम आम्हांकडे आले, कारण मंडळात सर्वांत अधिक तक्रार आमचीच असे.

ही मागणी निव्वळ लहरीची होती असे वाचकांनी समजू नये. 'लोकगीत' ह्या एका शब्दाच्या पोटात काय काय कोंबले आहे ते पाहावे. जात्यावरची ओवी, मळणीची भलरी, आगरी लग्नातला धवळा, गोंधळ्याचे संबळ, शाहिराचा पोवाडा, वासुदेवाची चिपळी, वारल्यांचा तारपा. ह्या सर्वांचे परस्परांशी नाते पाहू गेल्यास बहुधा इतकेच निघते की, ती कोणा शहरी सुशिक्षिताने लिहिलेली नाहीत. अशा साऱ्यांना अर्ध्या तासाच्या एकाच खोलीत बसविल्यावर ज्याचा ढोल मोठा त्याची खोली, हे ठरलेलेच. ओवीस ना ढोल ना झांज. तिला जात्याची घरघर पुरते. ठेक्याच्या गाण्यापुढे तिचा निभाव कसा लागावा? आमच्या आजीच्या ओव्या कानांत घेऊन वाढलेल्या आम्हांस हे फार सलत असे.

वाटणीस आधार म्हणून आम्ही मसुद्यात इतिहासही घातला होता. मुंबईत २३ जुलै १९२७ रोजी नभोवाणी सुरू झाली, तेव्हापासून पुष्कळ काळ सर्व तऱ्हेचे संगीत एकाच घरात नांदत होते. १९५२ साली डॉ. बाळकृष्ण केसकर नभोवाणीमंत्री झाले. त्यांना शास्त्रीय संगीताचे प्रेम मोठे व सिनेसंगीताचा तिटकाराही तितकाच मोठा. आकाशवाणीवरून सिनेगीते मागे पडली आणि श्रोत्यांनी यंत्राची खुंटी पिळून रेडिओ सिलोन गाठला. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी हलक्याफुलक्या मनोरंजनासाठी 'विविध भारती' ही वेगळी चूल मांडण्यात आली, आणि ती कशी पेटली हे सर्वांस ठाऊक आहे. सिनेगीतांस जे लाभले ते ओवीस का लाभू नये, असा आमचा सवाल होता. ज्या घरातून ती चूल निघाली त्या घरी मागे काय उरले, हा प्रश्न मात्र आम्ही स्वतःस विचारला नव्हता.

टोकावडे हे माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. पावसाळ्यात सह्याद्रीची भिंत ढगांत अर्धी बुडालेली असते. एफ.एम.च्या लहरी सरळ रेषेत धावतात व डोंगर आडवा आला की अडखळतात. म्हणून मावशीच्या ओटीवर अजून मध्यम लहरींचा जुना ट्रांझिस्टर खुंटीला टांगलेला असतो. वीज चमकली की तो खरखरतो, आणि मावशी त्याला "हं, हं, समजलं" असे म्हणते. तिच्या तरुणपणी मुंबई 'ब' केंद्रावरील 'कामगारसभा' आणि 'आपली आवड' हे कार्यक्रम ह्याच ओटीवर ऐकले जात. त्या काळी आळीत दुसरा रेडिओ नव्हता.

आम्ही गेलो त्या संध्याकाळी मावशी सूप घेऊन तांदूळ पाखडीत होती. तिचा नातू मुरबाडच्या महाविद्यालयात शिकतो. तो मोबाइलच्या वायरी दोन्ही कानांत खुपसून भिंतीला टेकला होता. ठाकरवाडीतून लावणीच्या कामाला येणारी एक प्रौढ बाई मजुरीचे पैसे घेण्यासाठी पायरीवर बसली होती. रेडिओवर लोकसंगीताचा कार्यक्रम लागला. पहिलेच गाणे कोळीगीत. त्याचा ठेका ऐकून नातवाने एका कानातली वायर काढली व पायाने ताल धरला. आम्ही मनात म्हटले, पाहा, आमच्या मसुद्यातली तिसरी वाहिनी! ते गाणे संपले आणि मागून, सूचना न देता, जात्यावरची ओवी सुरू झाली. मावशीचे सूप थांबले. नातवाचा हात वायरीकडे गेला, पण वायर कानात जाण्यापूर्वी अर्धे मिनिट तरी गेले असेल, आणि तेवढ्यात तो म्हणाला,

"आजी, हे तू म्हणतेस तेच ना गं?"

"मी कुठली म्हणतेय! तुझी पणजी म्हणायची. मला तीन-चारच येतात."

"मग म्हण ना."

मावशीने आधी आढेवेढे घेतले, मग आमच्याकडे पाहून ती हसली, आणि म्हणाली. तिचा आवाज पार फाटला आहे. तिसऱ्या ओवीत तिला शब्द आठवेना, तो पायरीवरल्या बाईने पुरविला. तो शब्द मावशीच्या ओवीतला नव्हता, बाईच्या वाडीतल्या गाण्यातला होता. पण तो तेथे बसला. नातवाने मोबाइल पुढे करून ते सारे टिपून घेतले.

आम्ही त्या रात्री पुष्कळ वेळ जागे होतो. आमच्या चार वाहिन्या त्या दिवशी अस्तित्वात असत्या तर काय झाले असते? मावशी पहिल्या वाहिनीवर असती, नातू तिसऱ्या वाहिनीवर, आणि दोघे एकाच ओटीवर सुखाने परके राहिले असते. कोळीगीतामागून ओवी आली म्हणून तर ती त्याच्या कानी पडली. ज्या गोष्टीला आम्ही मसुद्यात 'दुसऱ्याच्या आवडीचा जाच' म्हटले होते, त्याच जाचाने त्या घरात पणजीची एक ओवी पणतवापर्यंत पोहोचविली. 'विविध भारती'संबंधीच्या प्रश्नाचे उत्तरही आम्हांस तेव्हा दिसू लागले. जो सिनेगीतासाठी येऊन त्याच्या अलीकडले-पलीकडले सहज ऐकत असे, तो श्रोता आपल्या गाण्याबरोबर घर सोडून गेला असला पाहिजे.

परंतु एवढ्यावरून जुनाच कप्पा बरा म्हणून स्वस्थ बसावे, तर पैसे घेऊन निघताना त्या ठाकरीण बाईने विचारलेला प्रश्न आडवा येत होता.

"भाऊ, तुमी मुंबईचं. ह्या पेटीत आमचं गानं का नाय लागत?"

आम्ही म्हणालो, "आदिवासींची गाणी लागतात कधीकधी. तारपा लागतो."

"तारपा वारल्यांचा. आमचं कांबड नाय लागत."

ह्यावर आम्हांजवळ उत्तर नव्हते. आमच्या मसुद्यात 'आदिवासी गीते' ह्या दोन शब्दांत ठाकर, वारली, कातकरी, महादेव कोळी असे सारे एकत्र बांधले गेले होते. ओवीस लोकगीतांच्या गर्दीत चेंगरली म्हणून कळवळणारे आम्ही, तीच गर्दी दुसऱ्यांसाठी करीत होतो. शिवाय ती चौथी वाहिनी होती कशी? गावाबाहेर ठाकरवाडी असते तशी. तेथे जाऊन कोणी ऐकेल तर ऐकेल. त्या बाईने स्वतंत्र पेटी मागितली नव्हती. मावशीच्या पेटीत आपले गाणे लागावे, एवढेच तिचे म्हणणे होते.

मुंबईस परतल्यावर आम्ही ह्या विषयावर थोडे वाचन केले. अमेरिकेत ज्याला 'कंट्री' म्हणतात त्या ग्रामीण संगीताची हीच कथा आहे. १९२५ च्या नोव्हेंबरात नॅशव्हिलच्या डब्ल्यू.एस.एम. केंद्राने त्या गाण्यांचा जो कार्यक्रम सुरू केला, तो 'ग्रँड ओल ऑप्री' ह्या नावाने आजतागायत चालू आहे. त्याच दशकात ध्वनिमुद्रिकांच्या कंपन्यांनी दक्षिणेतील काळ्या लोकांची गाणी एका यादीत व गोऱ्या खेडुतांची दुसऱ्या यादीत घालून विकावयास काढली. वास्तविक चाली दोहोंकडून उसन्या गेल्या होत्या, आणि गोऱ्यांच्या मांडीवरचा बांजो मुळात आफ्रिकेतून आलेल्या गुलामांचा. 'ऑप्री'च्या मंचावर मात्र डीफोर्ड बेली नावाचा एक काळा वादक माउथ ऑर्गन वाजवीत असे व सारा देश त्याला ऐके. १९४१ साली त्यास काढून टाकण्यात आले. त्याचे नाव कंट्री संगीताच्या सन्मानमंदिरात लागले ते २००५ साली, त्याच्या मृत्यूनंतर. जुन्या कंट्री गाण्यांची निराळी केंद्रे तेथे आज आहेतच. ही वाटणी आणखी वाढवावी की कसे, ह्यावर वादही होत असतात. श्रोत्याच्या सोयीसाठी म्हणून जी रेघ ओढली जाते, ती समाजात आधीपासून असलेल्या रेघेवरूनच कशी जाते, हे मात्र त्या इतिहासात स्पष्ट दिसते. आपल्याकडे तर अशा रेघांचा तुटवडा कधीच नव्हता.

आणि माणसांचे काय? शाहीर विठ्ठल उमप कोळीगीत गात, गोंधळ गात, भीमगीत गात. त्यांना आम्ही कोणत्या वाहिनीत बसविणार होतो? शाहीर साबळे ह्यांनी 'महाराष्ट्राची लोकधारा' उभी केली ती गोंधळी, वासुदेव, कोळी असे सारे एका रंगमंचावर आणूनच. आमचा मसुदा त्या लोकधारेचे पुन्हा तुकडे करून ते कपाटात लावणार होता.

मार्ग आम्हांस सापडला तो टोकावड्याच्या शेतात, दुसऱ्या दिवशी सकाळी. बायका ओणव्या होऊन रोपे लावीत होत्या. एका खाचरात गावच्या कुणबी बायका, शेजारच्या खाचरात ठाकरवाडीच्या. एका बांधाआड सुरू झालेली ओळ दुसऱ्या बांधाआड पुरी होत होती. आमचा मावसभाऊ फावड्याने बांधाचे तोंड नीट करीत होता. आम्ही त्यास विचारले, "बांध घालायचा आणि त्यालाच पुन्हा तोंड पाडायचे, हे कशाला?"

तो हसला. "बांध नसला तर पाणी ठरत नाही, सगळं ओढ्याला जातं. आणि तोंड नसलं तर वरच्या खाचरात रोप कुजतं, खालच्यात वाळतं. दोन्ही लागतं."

आमच्या मित्रमंडळापुढे आम्ही नवा मसुदा वाचला, तो दीड पानी आहे. त्यात चार वाहिन्या नाहीत. केंद्र एकच असावे. पण त्यात ओवीस तिची ठरलेली वेळ असावी, भलरीस तिची, ठाकरांच्या कांबडास त्याची, आणि प्रत्येकाचे नाव, गाव व जमात नीट उच्चारून सांगितली जावी. 'लोकगीत' म्हणून मोघम सांगू नये. आणि ह्या वेळा एकमेकींस अशा लागून असाव्यात की, एकासाठी बसलेल्यास उठण्यापूर्वी दुसऱ्याचे चार स्वर ऐकावेच लागावेत. मंडळातील एका स्नेह्याने आक्षेप घेतला, तो खोटा नाही. ते म्हणाले, "आता ज्याच्या-त्याच्या खिशात मोबाइल आहे. तुमच्या बांधाच्या तोंडाशी थांबतो कोण?" आम्ही एवढेच म्हणालो की, खिशात प्रत्येकाची वेगळी वाहिनी आधीच आली आहे, म्हणून तर निदान ओटीवरची एक तरी सामाईक राहावी. त्यांचे समाधान झाले असे दिसले नाही, पण सही त्यांनी केली.

पत्र गेले आहे. उत्तर यावयाचे आहे. मावशीच्या रेडिओचे सेल आम्ही बदलून आलो. टोकावड्याहून निघताना ठाकरवाडीची ती बाई एस.टी.च्या थांब्यावर भेटली होती. पत्र लिहिणार म्हणून आम्ही तिला सांगितले, तेव्हा तिने फार विश्वास दाखविला नाही, डोक्यावरचे इरले सावरीत ती म्हणाली, "लागंल तवा बायला कळवा. ती मला हाक मारंल."