रेडी पझेशन, निगोशिएबल

१
पुण्यात सहकारनगरच्या अंगाला, आंबिल ओढ्यापासून हाकेच्या अंतरावर एक टू बीएचके आहे. पहिला मजला, लिफ्ट नाही, इमारत १९९५ ची. विक्रीला काढून दोन पावसाळे झाले. भाचीला आणि तिच्या नवऱ्याला ते आवडलंय, आणि आवडल्यापासून दोघांना झोप नाही. इतकं बरं घर आपण येईपर्यंत राहिलं कसं?

२
जाहिरातीत 'अर्जंट सेल' लिहिलंय. जाहिरात दीड वर्षापूर्वीची.

३
घर का जात नाही, हे भाचीने भेटेल त्याला विचारलं. एजंट म्हणाला, मालकांना घाई नाही. वॉचमन म्हणाला, साहेब, चावी लांब ठेवलीय, आणायला कुणी जात नाही. सेक्रेटरी म्हणाले, मागे एक बाई जवळजवळ घेणारच होत्या, त्यांच्या मुलाला कॅनडाचा व्हिसा मिळाला. भाचीच्या सासूबाई म्हणाल्या, दार दक्षिणेला आहे. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने मान वरसुद्धा केली नाही. "अठ्ठ्याहत्तर मागतायत. कोण देणार?"

४
सासूबाईंनी मोबाईलमधलं होकायंत्र लावून पाहिलं. हॉलच्या मधोमध दार दक्षिणेला. लोखंडी सेफ्टी डोअरपाशी नेलं तर आग्नेयेला. जिन्यात चक्क पश्चिमेला. त्यांनी जिन्यातला निकाल मान्य केला.

५
एजंट सांगतो साडेआठशे चौरस फूट. १९९५ च्या करारात सातशे वीस, बिल्टअप. भाचीच्या नवऱ्याने टेप लावली तर कार्पेट पाचशे नव्वद, तेही बाल्कनी आत घेतलेली धरून. कार्पेटची व्याख्या ठरवणारा रेरा लागू झाला मे २०१७ मध्ये. ही इमारत त्याच्या बावीस वर्षं आधीची. तेव्हा फुटाची लांबी ज्याची त्याची होती.

६
जुन्या घराच्या बाथरूमचा नळ एकदा पूर्ण सोडून पाहावा. मालक तेव्हा तिथेच उभा असेल तर मालकाकडे पाहावं.

७
'कव्हर्ड पार्किंगसह.' स्टिल्टमधलं पार्किंग म्हणजे काही वेगळं विकण्याचा गाळा नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगून झालंय. ते सोसायटीच्या सामाईक जागेत येतं. जाहिरातीतल्या कव्हर्ड पार्किंगमध्ये सध्या तिसऱ्या मजल्यावरच्यांची ॲक्टिव्हा आणि एक तुटका पाळणा आहे.

८
पार्किंगच्या भिंती कमरेपर्यंत नव्याने रंगवल्यात. कमरेच्या वर जुनाच रंग.

९
२५ सप्टेंबर २०१९ ची रात्र. कात्रजच्या बाजूला पाऊस कोसळला, आंबिल ओढा पात्र सोडून अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनी अशा वस्त्यांत घुसला. सोसायट्यांच्या सीमाभिंती पडल्या, गाड्या एकीवर एक चढल्या, माणसं वाहून गेली. पुणेकर तोवर पुराबद्दल बोलताना फक्त पानशेत आणि १२ जुलै १९६१ बोलत असत. ओढ्याला पूर येतो हे नव्याने कळलं.

आता त्या भागात घर बघायला येणाऱ्यांचे दोन प्रकार आहेत. एक तळमजला म्हटलं की फोन ठेवतात. दुसरे पहिला मजला म्हटल्यावर विचारतात, गाडी कुठे लावायची?

१०
आंबिल ओढा पूर्वी शहराच्या मधून वाहत होता. नानासाहेब पेशव्यांच्या काळात त्याचा प्रवाह वळवला. एजंटही म्हणाला, "ओढ्याचं काही नाही, त्याचं काम झालंय आता." कुणाच्या काळात ते त्याने सांगितलं नाही.

११
मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा १८८२ चा. खरेदीदाराला साधारण काळजी घेऊनही जो दोष कळणार नाही आणि विक्रेत्याला जो ठाऊक आहे, तो विक्रेत्याने सांगायला हवा. साधारण काळजीत जिना उतरून पार्किंगची भिंत बघणं येतं का, यावर भाचीच्या ओळखीच्या दोन वकिलांची दोन मतं पडली. फी दोघांनीही घेतली नाही, त्यामुळे मतं तशीच ठेवलीत.

१२
जपानमध्ये २०२१ साली सरकारी मार्गदर्शन निघालं: भाड्याच्या घरात आत्महत्या किंवा खून झाला असेल तर पुढच्या भाडेकरूला साधारण तीन वर्षांपर्यंत ते सांगावं. आपल्याकडे हे काम समोरच्या काकू करतात. त्यांना मुदत नाही.

समोरच्या काकू: "आजोबा याच खोलीत गेले. पण शांतपणे गेले हो, त्र्याण्णवाव्या वर्षी, दूध पिऊन." मग जरा थांबून: "आजी मात्र दवाखान्यात."

भाचीने हे सासूबाईंना सांगितलेलं नाही.

१३
मालक तीन, आजोबांची मुलं. मोठा मुलगा न्यू जर्सीत, मधली मुलगी नाशिकला, धाकटा इथेच, पण भावाशी बोलत नाही. आजोबांनी नॉमिनी मुलीला केलं, म्हणून शेअर सर्टिफिकेटवर तिचं नाव आहे. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे तिघांनाही नीट माहीत आहे. तेवढ्या एका मुद्द्यावर तिघांचं एकमत आहे.

न्यू जर्सीचा मुलगा येणार नाही. तो मुखत्यारपत्र पाठवणार. तिकडे सही झालेला कागद इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरावा लागतो. शिवाय धाकट्याच्या आणि बहिणीच्या वाट्यावर खरेदीदाराने एक टक्का कर कापायचा. परदेशातल्याच्या वाट्यावर तो हिशोब निराळा आणि बराच जड. म्हणजे पहिल्यांदा घर घेणाऱ्या माणसाने आधी आयकर खात्याचं काम करायचं, मग चहा प्यायचा.

हक्कसोडपत्र करून सगळं एकाच्या नावावर का करत नाहीत? भाचीने विचारलं. धाकटा म्हणाला, "कोणाच्या?"

१४
सातबारावर अजून बिल्डरचं नाव आहे. मोफा कायदा १९६३ चा. सोसायटी नोंदल्यावर चार महिन्यांत जमीन तिच्या नावे करून द्यायची. बिल्डर करत नसेल तर मानीव अभिहस्तांतरणाची सोय २००८ पासून आहे. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय दर वर्षी असतो. गणपतीची वर्गणी त्याच्या आधी असते.

जाहिरातीत मात्र 'रिडेव्हलपमेंटला प्रचंड स्कोप.'

१५
एजंटने हळू आवाजात विचारलं, "तुमचं व्हाईट किती?"
दोघेही नोकरीत. दोघांनी पगाराच्या स्लिपा काढून दाखवल्या. एजंटला वाईट वाटलं.

१६
आता पैसे. हे पान भाचीच्या वहीतून उतरवलंय.

अठ्ठ्याहत्तरचे बहात्तर होतील असं एजंट म्हणतो. बँकेचा व्हॅल्युअर येऊन गेला. त्याने आत घेतलेली बाल्कनी धरली नाही, इमारतीचं वय धरलं, आणि चौसष्ट लाख लिहिले. तीस ते पंचाहत्तर लाखांच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेची मर्यादा किमतीच्या ८० टक्क्यांची. किंमत म्हणजे करारातली आणि व्हॅल्युअरची यांतली कमी असेल ती. म्हणजे कर्ज ५१ लाख २० हजार. बहात्तरातले उरलेले २० लाख ८० हजार स्वतःचे. वर मुद्रांक शुल्क पुण्यात सात टक्के, ५ लाख ४ हजार. नोंदणी ३० हजार. दलाली एक टक्का, ७२ हजार. या वरच्या खर्चाला बँक पैसे देत नाही. सगळं मिळून दोघांच्या खिशातून २६ लाख ८६ हजार, एक खिळा ठोकायच्या आधी.

साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षं धरली तर हप्ता महिन्याला चव्वेचाळीस हजार चारशेच्या पुढे. सगळे हप्ते मिळवले तर एक कोटी सहा लाखांच्या वर जातात. बेरजेच्या खाली भाचीने दोन रेघा मारल्यात. त्याखाली नवऱ्याच्या अक्षरात: 'फॅन त्यांचेच राहतील ना?'

१७
घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत, २०२१ पासून. नवऱ्याचं नाव जोडलं की सवलत जाते. म्हणजे त्याच्या नावाची किंमत बहात्तर हजार रुपये. एजंटची दलालीही तेवढीच.

नवरा म्हणाला, "तुझ्याच नावावर घेऊ." भाची म्हणाली, "इतक्या पटकन?" त्यावरून बरंच झालं. त्याला व्याजावरची करसवलत हवी असेल तर तो मालकांत हवा, हे दुसऱ्या दिवशी सीएने सांगितल्यावर पुन्हा झालं.

१८
ट्रान्स्फर फी महापालिका हद्दीत जास्तीत जास्त पंचवीस हजार, २००१ चा शासन निर्णय आहे. सेक्रेटरी म्हणाले, हो, फी तेवढीच, बाकीची ऐच्छिक देणगी. इच्छा किती असावी, तेही त्यांनी सांगितलं.

१९
दुसरी पार्टी. प्रत्येक न खपलेल्या घराला एक दुसरी पार्टी असते आणि ती उद्या टोकन देणार असते.

२०
पितृपक्ष चालू आहे. सासूबाई म्हणतात, दसऱ्यापर्यंत घराचं नाव काढायचं नाही. एजंट म्हणतो, घासाघीस करायला याच्यासारखे दिवस नाहीत, बाकी कुणी येतच नाही. भाचीच्या नवऱ्याने मध्यम मार्ग काढला: बघायचं, बोलायचं, पैसे द्यायचे नाहीत. मालकांतल्या धाकट्यालाही तो पटला. त्याच्या घरी आजोबांचं श्राद्ध होतं.

२१
सरकारचाही एक भाव असतो, रेडी रेकनरचा. करारातली किंमत त्याच्या खाली गेली तरी मुद्रांक सरकारच्याच भावावर भरायचा. आणि सरकारी किंमत करारापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त वर असेल, तर तो फरक खरेदीदाराच्या उत्पन्नात धरतात. घर फार स्वस्त पडलं, तर ती तुमची कमाई. या घरापुरती ती भीती नाही. तिघा भावंडांनी ती काळजी घेतलीय.

२२
घर विकणारा माणूस भाव सांगताना घरात काय काय घातलं ते सांगतो: १९९५ चे पैसे, २००८ चं किचन, आईने लावलेला पारिजातक. घेणारा त्यातलं काय काय काढावं लागेल ते मोजतो. किचन दोघांच्याही यादीत आहे. मला स्वतःला ते किचन आवडलं. कडाप्प्याचा ओटा, खाली भांड्यांच्या जाळ्या, आणि पोळ्या लाटताना दिसणारी खिडकी. माझं मत कुणी विचारलं नाही.

२३
भाचीने साडेत्रेसष्ट लाख सांगितले. एजंट हसला नाही. म्हणजे आकडा अगदीच चुकीचा नसावा.

२४
न्यू जर्सीहून फोन आला, इथल्या रात्री साडेअकराला.
"हे बघा, आमच्या आईबाबांचं घर आहे ते. पैशाचं नंतर. पण तेवढं लक्षात घ्या."
"हो काका. ते लक्षात घेऊनच साडेत्रेसष्ट म्हटलंय."
पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही. मग त्यांनी विचारलं, "पारिजातक आहे का अजून?"
आहे. पार्किंगच्या भिंतीला लागून. फुलं ज्यांच्या गाडीवर पडतात, ते तिसऱ्या मजल्यावरचे तक्रार करतात.
"सत्तर करा," काका म्हणाले.

२५
दोघांचं ठरलंय, आता पुन्हा जायचं ते पाऊस चालू असतानाच. हवामान खात्याचा अंदाज बघून गुरुवार संध्याकाळ काढली आणि एजंटला कळवलं. त्याचा निरोप आला: गुरुवारी पाऊस आहे, शनिवारी ऊन पडलं की जाऊ.