मुरमाच्या रंगाची जोंगा

लष्करी हिरवा म्हणून आपण जो रंग ओळखतो, त्यात हिरवा रंग असायलाच हवा असं नाही. पिवळ्या मातीत काजळी मिसळली की तो मळकट, शेवाळी हिरवा तयार होतो. अमेरिकी सैन्याने आपल्या गाड्यांना दिलेला ऑलिव्ह ड्रॅब मुळात याच घराण्यातला, पिवळा आणि काळा मिसळून केलेला. म्हणजे जगातल्या सगळ्यात रुबाबदार रंगांपैकी एक आमच्या घरी, पोळ्याच्या आदल्या दिवशी, चुलीजवळच्या सामानातून करता आला असता.

मला हे कळलं ते आमच्या जोंगामुळे. जोंगा म्हणजे जबलपूरला लष्करासाठी बनवलेली निसानची गाडी. नावाची सुरुवातही जबलपूरच्या ज पासूनच. सहा सिलिंडर, जवळजवळ चार लिटरचं पेट्रोल इंजिन, आणि पत्रा असा की आजच्या गाड्या शेजारी उभ्या केल्या तर बिस्किटाच्या पुड्यासारख्या दिसतात. १९९९ च्या सुमारास तिचं उत्पादन थांबलं. सैन्याने निवृत्त केलेल्या जोंगा लिलावात निघायच्या, तशीच एक फिरत फिरत मंगरुळपीर तालुक्यातल्या आमच्या गावात आली. बाबा सैन्यात ड्रायव्हर होते. नोकरीतली सगळी वर्षं त्यांनी जी गाडी सरकारची म्हणून पुसली, ती पेन्शनीच्या पैशातून एकदा स्वतःची म्हणून घेतली.

त्या वेळी तिला पांढरा ऑइल पेंट मारला होता. वाशिमच्या उन्हात त्याचे पोपडे झाले. हात फिरवला की तळहातावर पीठ यायचं. गॅरेजवाल्याने पूर्ण गाडी स्प्रे करायचे पस्तीस हजार सांगितले. गाडी आता वापरात कितीशी? घरून शेतात, शेतातून घरी, सोयाबीनच्या हंगामात चार पोती. बाबा म्हणाले, "राहू दे माय. गाडी म्हातारी हाय, मीबी म्हातारा."

मी पुण्यातल्या कंपनीचं काम घरून करत होते, आणि त्याच महिन्यात घराला बाहेरून रंग चालला होता. ओट्यावर इमल्शनचा वीस लिटरचा ड्रम उभा. परदेशात जुने रणगाडे आणि जीप जपणारे काही हौशी लोक घराच्या बाहेरच्या भिंतीचा पाण्याचा रंग गाड्यांना लावतात, हे मी पाहिलं होतं. पेंटरदादाला विचारलं तर ते हसले. "ताई, भिंत पळत नाही. गाडी पळते."

आक्षेप बरोबर होता, म्हणून आधी वाचलं. ऑइल पेंट हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतो, आणि वाळला तरी ती क्रिया थांबत नाही. वर्षानुवर्षं तो कडक होत जातो. इकडे पत्रा दुपारी तापून पसरतो, रात्री आकसतो. कडक थर त्याच्यासोबत हलत नाही, तडकतो. पाण्याच्या रंगाचं गणित वेगळं आहे. त्यात ॲक्रिलिकचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडालं की कण एकमेकांत मिसळून सलग पापुद्रा होतो, आणि तो लवचीक राहतो. ऊन-पाऊस सोसण्यासाठीच तो बनवलेला असतो. वर तो मॅट असतो. शोरूमच्या गाडीला हे उणेपण, पण लष्करी गाडीला चमक नकोच असते. चमकली की दिसली, दिसली की संपली.

मर्यादाही तितक्याच खऱ्या आहेत. कोणी करणार असेल तर हे आधी वाचा. उघड्या लोखंडावर पाण्याचा रंग लावला तर तो वाळेपर्यंतच तांबूस ठिपके उमटतात, म्हणून गंज काढून खाली प्रायमर हवाच. जुन्या चकचकीत रंगाला पॉलिश पेपर मारल्याशिवाय नवा धरत नाही. जुन्या रंगांत शिसं असू शकतं. भारतात घरगुती रंगांतल्या शिशाला ९० पीपीएमची मर्यादा लागू झाली ती २०१७ मध्ये. त्यामुळे कोरडं घासू नका, पाणी मारून घासा, तोंडाला मास्क लावा, पोरं दूर ठेवा. पेट्रोल-डिझेल सांडलं की हा रंग मऊ पडतो. आणि हाताला वाळला वाटला तरी पूर्ण पिकायला काही आठवडे घेतो. तोवर फाळका घट्ट लावून ठेवला तर रंगाला रंग चिकटतो.

यात नवल वाटण्यासारखं फार काही नाही, हे मला इतिहासाने सांगितलं. दुसऱ्या महायुद्धात १९४१ च्या हिवाळ्यात रशियात जर्मन गाड्यांना पांढरं करायला चुना फासला गेला. तोच चुना, जो आपल्याकडे दिवाळीआधी भिंतीला लागतो. १९४३ पासून जर्मन तुकड्यांना रंगाची घट्ट पेस्ट डब्यांतून मिळायची. ती पेट्रोलमध्ये किंवा पाण्यात कालवून सैनिकच गाड्यांवर पट्टे ओढायचे. पेट्रोलची टंचाई असली की पाणी, आणि पाण्यात कालवलेला रंग पावसात ओघळायचा. म्हणजे ज्या गाड्या आपण चित्रांत एकसारख्या गुळगुळीत पाहतो, त्या खऱ्या युद्धात हाताने, घाईत, मिळेल त्याने रंगवलेल्या होत्या.

अहिल्यानगरला, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगरला, बाबांनी मला लहानपणी रणगाड्यांचं संग्रहालय दाखवलं होतं. १९९४ मध्ये उघडलेलं. पहिल्या महायुद्धाच्या काळातली रोल्स रॉइस चिलखती गाडी, छोटासा जपानी रणगाडा, १९६५ च्या युद्धात पकडलेला पॅटन, सगळे अंगणात ओळीने उभे. मी तोफा बघत होते. बाबा मात्र एका रणगाड्याच्या कडेवर नख टेकवून म्हणाले होते, "पाह्य, किती हात मारले हायेत याच्यावर." रंग हा त्यांच्यासाठी सजावट नव्हताच. नोकरीतल्या रोजच्या कामांपैकी ते एक काम होतं.

तर जोंगा रंगवायची ठरलं. कोणत्या रंगात, हा प्रश्न माझ्या चुलतभावाने निकालात काढला. "मोठेबाबा, ग्रीनच मारू. एक नंबर दिसंल." तो वीस वर्षांचा. रोज पहाटे शेलूबाजारकडच्या रस्त्यावर पोरांसोबत भरतीसाठी पळतो. मागच्या वेळी सोळाशे मीटरला काही सेकंदांनी राहिला. अग्निवीरची वयोमर्यादा जवळ आलेली, म्हणजे हातात फार संधी नाहीत. त्याच्या मोबाइलच्या स्क्रीनवर कोणाचंही चित्र नाही, फक्त ऑलिव्ह ग्रीनची कोरी चौकट आहे.

बाबा नाही म्हणाले. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १२१ वा नियम सांगतो की संरक्षण खात्याच्या गाड्यांशिवाय दुसऱ्या मोटार वाहनाला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही. म्हणूनच तर लिलावातून आल्यावर ती पांढरी झाली होती. भाऊ म्हणाला, इथं शेतात कोण बघायला येतंय? अर्ध्या तालुक्यात हिरव्या जीपा फिरतात.

बाबांनी नियम दुसऱ्यांदा सांगितला नाही. ते म्हणाले, "तू रोज पायटी कायले पयतं? थो रंग अंगावर याव म्हणूनच ना? मंग गाडीले फुकटात कसा देऊ?"

त्यावर कोणी बोललं नाही. भाऊ उठून विहिरीकडे गेला. मला वाटलं आता हा मदतीला येणार नाही. दुसऱ्या दिवशी पळून आला आणि घामाच्याच बनियनवर पॉलिश पेपर हातात घेतला.

एप्रिल होता. दुपारी पत्र्याला हात लावायची सोय नव्हती, आणि तापल्या पत्र्यावर पाण्याचा रंग ब्रशखालीच सुकून ओरखडे पडतात. म्हणून सहा ते नऊ एवढंच काम. चार दिवस घासणं, धुणं, रेड ऑक्साइडचा एक हात. तो वाळल्यावर इमल्शनचे दोन हात, सपाट भागाला रोलर, कोपऱ्यांना ब्रश. रंग बाबांनी शेड कार्डावरून नाही, शेताच्या बांधावरून निवडला. मुरमाचा मूठभर खडा दुकानात नेला आणि मशीनवाल्याकडून तसाच चार लिटर करून आणला. तो आमच्या घराच्या जोत्याच्या रंगाशी जवळपास जुळला. आरटीओकडे रंग बदलल्याची नोंद मीच केली.

बॉनेट उघडलं तेव्हा आतल्या बाजूला जुना रंग तसाच निघाला. तेलकट, काळवंडलेला, पण सैन्याचा. पांढरा मारणाऱ्याने तिथे ब्रश नेलाच नव्हता. भाऊ पेपर घेऊन वाकला तसं बाबांनी त्याचा हात धरला. इंजिनाच्या उष्णतेत आणि ऑइलच्या शिंतोड्यांत पाण्याचा रंग टिकत नाही, हे कारण मी दिलं. ते खरंच होतं. बाबांनी मान डोलावली आणि रॉकेलच्या फडक्याने ती हातभर जागा स्वतः पुसून काढली.

पहिला पावसाळा गाडीने बाहेर उभ्यानेच काढला. टाकीच्या झाकणाजवळ पेट्रोलने पापुद्रा सुटला, तेवढ्याच जागी आम्ही ऑइल पेंट लावला. बाभळीने एक लांब ओरखडा काढला, तो डब्यातल्या उरलेल्या रंगाने पाच मिनिटांत मिटला. गॅरेजच्या स्प्रेला हे सुख नाही. स्वस्त रंगाची मला कळलेली खरी किंमत हीच. तो कायमचा टिकत नाही, पण दुरुस्त करायला कोणाची परवानगी किंवा पस्तीस हजार लागत नाहीत.

भावाची परीक्षा झाली आहे, मैदानी चाचणी बाकी आहे. तो अजून पळतो. परत आला की बाबा बॉनेट उघडून ऑइल बघतात, आणि तो शेजारी उभा राहतो.