कोरड्या सालातली उपकारस्तुती

आम्हां ख्रिस्ती घरांत ‘उपकारस्तुती’ हा शब्द सारखा तोंडात असतो. पानावर बसताना, आजारी माणूस उठून बसलं की, मूल परीक्षेत पास झालं की लगेच उपकारस्तुती! चांगल्या दिवसांत ते अगदी सोपं असतं. पण ज्या साली आभार मानण्यासारखं काहीच दिसत नाही, त्या साली काय करायचं? लग्न होऊन माणात आले आणि हा प्रश्न माझ्या पदरात पडला.

सातारा जिल्हा एकच, पण महाबळेश्वरला ढग कोसळतात आणि सह्याद्रीच्या आडोशाला असलेल्या दहिवडी-म्हसवडकडं येईपर्यंत रिकामे होतात. माणगंगेच्या पात्रात पाण्यापेक्षा वाळूच जास्त दिवस बघायची. इथल्या बाईला पाण्याचा हिशेब घागरीनं नाही, तांब्यानं करावा लागतो.

2012 साली पावसानं पाठ फिरवली. जनावरांसाठी म्हसवडला छावणी उघडली, तेव्हा आमच्या दोन म्हशी अन् गाय घेऊन ‘हे’ तिकडं जाऊन राहिले. घरी सासूबाई, दोन मुलं आणि मी. टँकर कधी येई, कधी न येई. दुकानातली उधारी चढत होती, मुलीच्या फीची तारीख जवळ येत होती. अशातही रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेत सासूबाई आपल्या नेमानं आभार मानायच्या. भाकरीचे, टँकरचे, छावणीतल्या चाऱ्याचे. मला ते ऐकवेना. एके रात्री मी बोललेच, “आत्याबाई, विहीर कोरडी, घर मोकळं. आभार कसले मानायचे?”

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “बाहत्तरच्या दुष्काळात मी खडी फोडलीय, पोरी. मिलोची भाकरी खाल्ली, सुकडी खाल्ली. आभार मानले म्हणून पाऊस पडत नाही गं. पर नाही मानले, तर माणूस आतनं करपतं.”

त्या दिवसांत दुपारी टँकरची वाट बघत बसले, की मी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचत असे. 1895 साली नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा या बाईच्या पदरात लहान मुलगा होता. माहेर कडक सोवळ्याओवळ्याचं. नवऱ्यापासून वेगळं राहणं आलं, लोकांचे बोल आले. पण त्या नवऱ्यामागून डोळे मिटून गेल्या नाहीत. मनातली एकेक गाठ स्वतः सोडवत गेल्या आणि पाच वर्षांनी, 1900 साली, त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. पुढं 1917 मध्ये टिळकांनी आमच्या साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला आणि 1919 मध्ये ते गेले. त्यांनी हाती घेतलेल्या ‘ख्रिस्तायना’चे थोडेच अध्याय झाले होते. लग्नानंतर अक्षर ओळखायला शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी उरलेले साठाहून अधिक अध्याय लिहिले! आणि एवढं सोसून पुस्तकात रडगाणं नाही. वाचताना आपण हसतो. मला वाटतं, त्यांचं ते हसणं हीच त्यांची उपकारस्तुती होती.

बायबलमधल्या हबक्कूक संदेष्ट्याचंही तेच. पीक गेलेलं, गोठा ओस पडलेला, अशाही वेळी तो देवात आनंद मानायचं ठरवतो. ‘ठरवतो’ हे महत्त्वाचं. मन भरून आल्यावर आभार मानणं सगळ्यांना जमतं. मन कोरडं असताना नेम चालू ठेवायला चिकाटी लागते. आमच्या शेजारच्या काकू गोंदवल्याला जातात, त्याही नामाविषयी असंच सांगतात. गोडी लागो न लागो, घेत राहायचं.

त्या साली मंडळीत पिकाची उपकारस्तुती आली. एरवी टेबलावर जोंधळ्याची कणसं, भोपळे, अंडी, एखादी कोंबडी असते आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. त्या दिवशी सासूबाईंनी स्वच्छ घासलेला तांब्या पाण्यानं भरून नेला. पाळकांनी प्रार्थना केली. लिलावात त्या पाण्यावर कुणीच बोली लावली नाही. देवळाच्या दारातल्या कडुलिंबाला ते घातलं. गाणी म्हणताना पुष्कळ बायकांचे आवाज जड झाले होते.

मैत्रिणींनो, खोटं कशाला सांगू? यानंतर लगेच ढग भरून आले नाहीत. एक म्हैस विकावी लागली. मुलीची फी त्यातूनच भरली. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर छातीवर जो दगड असायचा, तो हलका झाला. सकाळी उठून कामाला लागण्याचं बळ आलं.

तेव्हापासून एक सवय ठेवली आहे. दूध-किराण्याचा हिशेब लिहिते, त्याच वहीच्या उजव्या पानावर दिवसाकाठी एक ओळ लिहायची: आज कुणाचे, कशाचे आभार. ‘शेजारणीनं कळशी दिली.’ ‘ताप उतरला.’ कधी नुसतं ‘आजचा दिवस निभावला.’ डाव्या पानावर किती गेलं ते कळतं, उजव्या पानावर काय उरलं ते दिसतं. तुमचा देव कोणत्याही नावाचा असो, महिनाभर करून पाहा. खर्चाच्या वहीला एक पान जास्त लागेल, एवढंच.