वेताळ, प्रिंटर आणि मी

सबमिशनची आदली रात्र म्हणजे काय, हे हॉस्टेलवाल्यांना सांगायला नको. अर्धी विंग जर्नल लिहीत असते आणि उरलेली अर्धी ते कधी लिहून होतंय याची वाट बघत असते. गेल्या सेमिस्टरला अशाच एका संध्याकाळी लॅबमधलं प्रिंटिंग बंद पडलं. लिनक्स सर्व्हर सांभाळायला मदत करतो म्हणून लॅबच्या सरांनी मला रूटचा पासवर्ड दिलेला. साहजिकच सगळी वरात माझ्याकडे. "तुझ्या सर्व्हरला काय झालंय बघ रे!"

युनिक्सच्या घराण्यात पडद्यामागे गुपचूप राबणाऱ्या प्रोग्रामला 'डीमन' म्हणतात. हे नाव १९६३ च्या सुमारास एमआयटीच्या प्रोजेक्ट मॅकमधल्या मंडळींनी ठेवलं, तेही थर्मोडायनॅमिक्समध्ये आपल्याला भेटणाऱ्या मॅक्सवेलच्या डीमनवरून. आमच्या प्रिंटिंगचा डीमन म्हणजे 'कप्स'. 'पीएस' मारून पाहिलं तर स्वारी जिवंत होती. पण नवं काम घेईना.

मी सरळ 'किल -९' मारलं. नुसत्या 'किल'ने १५ नंबरचा सिग्नल जातो आणि प्रोग्रामला आवराआवर करायची संधी मिळते. ९ नंबरला ती नाही, जागच्या जागी खेळ खलास. पण सिस्टिमडीने त्याला लगेच पुन्हा उभं केलं. विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ परत झाडावर! प्रिंटिंग मात्र ठप्पच.

मागे पोरं उभी. अशा वेळी 'थांबा, विचार करतो' म्हणायची लाज वाटते हो. रांगेतलं एखादं काम अडकलं असणार, असं मीच ठरवलं आणि स्पूल डिरेक्टरीतल्या सगळ्या फायली पुसून कप्स रीस्टार्ट केला. प्रिंटर घरघरला. टाळ्या पडल्या! दहा मिनिटांनी पुन्हा बंद. आणि प्रिंट देऊन निवांत मेसला गेलेल्या तीस-पस्तीस जणांची कामं माझ्या कृपेने गायब.

तेवढ्यात सर आले. एकच प्रश्न, "लॉग बघितलास?"

मी गप्प.

सरांनी 'डीएफ' मारलं. 'व्हार' पार्टिशन १०० टक्के भरलेलं. कप्स आलेलं काम आधी तिथेच उतरवून घेतो. जागाच नाही तर ठेवणार कुठे? मी पुसलेल्या फायलींनी जरा जागा झाली होती, तीही दहा मिनिटांत संपली. पण 'डीयू'ने तिथल्या फायलींची बेरीज केली, तर निम्मीसुद्धा येईना. मग बाकीची जागा खातंय कोण?

गंमत अशी, की युनिक्समध्ये फाईल पुसली की फक्त तिचं नाव जातं. एखाद्या प्रोग्रामने ती उघडून धरली असेल, तर त्याने सोडेपर्यंत जागा सुटत नाही. सरांनी 'एलएसओएफ'ने अशा फायली शोधल्या. एक राक्षसी फाईल सापडली. पुढे 'डिलीटेड' असा शेरा आणि मालकाच्या रकान्यात चक्क माझं लॉगिन!

चार दिवसांपूर्वी मी प्रोजेक्टची एक स्क्रिप्ट 'नोहप'ने मागे सोडून दिली होती. तिला डेटाबेस सापडत नव्हता आणि दर प्रयत्नाला ती एररची एक ओळ लिहीत होती. सकाळी तिचा लॉग फुगलेला दिसला, तो मी पुसला आणि निर्धास्त झालो. स्क्रिप्ट लिहीतच होती.

साध्या 'किल'ने स्क्रिप्ट थांबवली, जागा सुटली, कप्स रीस्टार्ट केला. पाच मिनिटांचं काम. स्क्रीनवरचं नाव सर आणि मी सोडून कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. मी हळूच विचारलं, "सर, नोटिशीत 'तांत्रिक बिघाडामुळे' असं लिहू?"

सर म्हणाले, "बिघाडाला नाव आहे ना?"

मग नाव लिहिलं. खोल्याखोल्यांतून हिंडून सगळ्यांना प्रिंट पुन्हा पाठवायला सांगितलं. शिव्या खाल्ल्या, त्या इथे छापता येणार नाहीत. शेवटची प्रिंट निघाली तेव्हा पावणेदोन वाजले होते.

तेव्हापासून सर्व्हर अडला की हात आधी 'किल'कडे जात नाही. आधी लॉग, मग डिस्क. आणि हो, त्याच्याही आधी माझं स्वतःचं मागे काय चालू आहे ते बघतो. दुसऱ्याचं भूत उतरवायला निघण्यापूर्वी आपलं कुठे फिरतंय, हे माहीत असलेलं बरं!